इंग्रजी क्रियापदांचे धाकटे सोबती

घनसावंगीच्या विद्यार्थ्यास ‘लुक’ म्हणजे पाहणें आणि ‘आफ्टर’ म्हणजे नंतर, हे दोन्ही शब्द ठाऊक असतात. तरीही ‘शी लुक्स आफ्टर हर मदर’ हें वाक्य समोर आलें, कीं ‘ती आईनंतर पाहते’ असा अर्थ लावण्याचा मोह त्यास होतो. वस्तुतः ती मुलगी आईची काळजी घेत असते. महाराष्ट्रांतील मराठी शाळांत २००० सालीं पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी सुरू झालें. परंतु शब्दार्थ पाठ असूनही वाक्य हुकतें, तें पुष्कळदां अशा जोडीपाशीं.

ही रीति मराठीस परकी नाहीं. ‘देऊन टाकणें’ यांत कोणी कांहीं टाकीत नाहीं. तसेंच ‘गिव्ह’ म्हणजे देणें. पण ‘ही गेव्ह अप टोबॅको’ म्हणजे त्यानें तंबाखू सोडली. ‘पुट’ म्हणजे ठेवणें. ‘पुट ऑफ’ म्हणजे पुढें ढकलणें आणि ‘पुट अप विथ’ म्हणजे सोसणें. सभा ‘पुट ऑफ’ झाल्याचें पत्र उमगलें नाहीं, तर जालन्याची खेप फुकट जाते.

एक नियम ध्यानीं ठेवावा. ‘पुट ऑफ द मीटिंग’ आणि ‘पुट द मीटिंग ऑफ’ हीं दोन्ही वाक्यें शुद्ध. सर्वनाम मात्र मध्येंच बसतें: ‘पुट इट ऑफ’. उलट ‘लुक आफ्टर’ ही जोडी फुटत नाहीं: ‘लुक आफ्टर हर’. म्हणून कोशांतून सुटा शब्द न उचलतां जोडी वाक्यासह पाठ करावी. मूल आपली मातृभाषा तरी दुसऱ्या कोणत्या रीतीनें शिकतें?