न्हाणीघरातील लाद्यांचे पर्याय

न्हाणीघरातील लाद्यांचे पर्याय म्हणजे न्हाणीघराच्या जमिनीवर व भिंतींवर सिरॅमिक किंवा व्हिट्रिफाइड लाद्यांऐवजी केले जाणारे दगड, सिमेंट, चुना, प्लास्टिक किंवा इपॉक्सी यांचे आच्छादन होय. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली परिसरातील बहुमजली इमारतींमध्ये वरच्या घरातील न्हाणीघराचे पाणी खालच्या घराच्या छतात उतरू शकते. त्यामुळे तेथे आच्छादनाची निवड त्याखालील जलरोधनाशी निगडित असते.

इतिहास

सिरॅमिक लाद्या सर्वसामान्य घरांत रूढ होण्यापूर्वी मोरीला बहुधा शहाबादी फरशी बसवली जात असे. हा चुनखडक कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्यात शहाबाद परिसरात मिळतो. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे १८५४ मध्ये कल्याणपर्यंत आली. पुढे हाच मार्ग पुणे, सोलापूर व शहाबाद येथून १८७१ मध्ये रायचूरपर्यंत गेला. त्यामुळे हा जड दगड खाणीच्या भागातून रेल्वेने या परिसरात आणणे शक्य झाले.

जमिनीसाठी पर्याय

शहाबादी, राजस्थानातील कोटा व आंध्र प्रदेशातील काळा कडप्पा हे तिन्ही चुनखडक आहेत. ते टिकाऊ असून घासून गुळगुळीत करता येतात. मात्र अधिक चकाकी दिल्यास ओलाव्यात पाय घसरतो. शौचालय साफ करण्याच्या द्रावणांतील हायड्रोक्लोरिक आम्लामुळे चुनखडक व संगमरवर झिजतात. ग्रॅनाइटवर अशा आम्लाचा परिणाम तुलनेने फारच कमी होतो. खडबडीत पृष्ठभागाचा ग्रॅनाइट न्हाणीघरासाठी अधिक सुरक्षित ठरतो.

सिमेंट काँक्रीटचा थर जागेवरच ओतून व घोटून केलेली जमीन ‘आयपीएस’ म्हणून ओळखली जाते. तिला लाद्यांसारखे जवळजवळ सांधे नसतात. परंतु पुरेसे दिवस पाणी न मारल्यास तिला बारीक तडे जातात. संगमरवराचे तुकडे घालून असाच थर घासल्यास जागेवर केलेले मोझॅक तयार होते. इपॉक्सीचा लेप सलग व आम्लरोधक असतो. मात्र खालचा पृष्ठभाग ओला असल्यास तो सुटून येतो.

भिंतींसाठी पर्याय

सिमेंटच्या गिलाव्यावर केलेली घोटाई हा सर्वांत स्वस्त पर्याय आहे. मोरोक्कोतील ‘ताडेलाक्त’ या पद्धतीत चुन्याचा गिलावा दगडाने घोटून त्यावर साबण चोळतात. चुना व साबण यांच्या संयोगातून पाणी दूर ठेवणारा थर तयार होतो. पीव्हीसीचे पॅनेल थोड्या वेळात बसतात व पाण्याने खराब होत नाहीत. परंतु त्यांच्यामागे भिंतीतील ओल लपून राहते आणि आग लागल्यास त्यांतून विषारी धूर निघतो. मोठ्या आकाराचे ग्रॅनाइट किंवा काच वापरल्यास सांध्यांची संख्या घटते.

जलरोधन व गळती

कोणतेही आच्छादन हे जलरोधनाला पर्याय ठरत नाही. पाणी बहुधा सांधे, नळाभोवतीच्या फटी, भिंत व जमीन यांचा कोपरा आणि नहाणी ट्रॅपच्या कडेने झिरपते. ते स्लॅबमध्ये पोहोचल्यास लोखंडी सळ्या गंजून फुगतात व काँक्रीटचे पापुद्रे सुटतात. त्यामुळे जुने आच्छादन काढल्यावर जलरोधक थर जमिनीवर देऊन भिंतीवरही काही उंचीपर्यंत चढवतात. नंतर ट्रॅप बंद करून जमिनीवर साधारणपणे २४ ते ७२ तास पाणी साठवतात व खालच्या छताची तपासणी करतात. जमिनीला ट्रॅपच्या दिशेने साधारण १:८० ते १:१०० इतका उतार दिला जातो. जुन्या लाद्या न काढता त्यांवर पॅनेल किंवा लेप लावल्यास पृष्ठभाग नवा दिसतो, पण स्लॅबमधील गळती तशीच राहते.

महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार शौचालय, सिंक इत्यादींमुळे होणाऱ्या अंतर्गत गळतीच्या दुरुस्तीचा खर्च संबंधित सदनिकाधारकाने करावयाचा असतो. पावसाच्या पाण्यामुळे किंवा बाहेरील सामाईक नळांमुळे होणाऱ्या गळतीची दुरुस्ती संस्थेकडे असते. त्यामुळे दुरुस्तीपूर्वी गळतीचा उगम निश्चित करणे तांत्रिक व आर्थिक अशा दोन्ही दृष्टींनी आवश्यक ठरते.