हाय-हॅट वाजते ती पायाने

इलेक्ट्रॉनिक ड्रम किटवर नव्याने बसणाऱ्याचा हिरमोड होतो तो बहुधा हाय-हॅटपाशी. किक दणदणीत लागते, स्नेअर कडक लागतो. हाय-हॅट मात्र बटण दाबल्यासारखी ठोकळेबाज वाजते. मग महागडा पॅड घ्या, नवे सॉफ्टवेअर घ्या, असे सल्ले सुरू होतात. पण खिशात हात घालण्याआधी पेडलची जुळणी करावी. या वाद्याचा जिवंतपणा काठीपेक्षा पायात अधिक असतो आणि किट जोडताना नेमकी पायाकडेच हेळसांड होते.

अस्सल हाय-हॅट म्हणजे एकावर एक बसवलेल्या दोन झांजा, बहुधा १४ इंची. खालची स्थिर असते, वरची दांड्यावर क्लचने अडकवलेली. पेडल दाबले की त्या मिटतात, सोडले की उघडतात, हे झाले ढोबळ वर्णन. खरी गंमत अधल्यामधल्या जागेत आहे. झांजा जेमतेम टेकल्या असतील तर काठीचा घाव पडताच त्या एकमेकींवर घासून खरखरतात; पूर्ण मिटल्यावरही पाय आणखी दाबला तर आवाज तोकडा आणि कोरडा होतो. तबलजी डग्ग्यावर मनगट दाबत नेतो तेव्हा घुमाऱ्याला जशा पायऱ्या नसतात, तशा इथेही नसतात.

यंत्रांनी सुरुवातीला या सलगतेच्या पायऱ्या केल्या. १९८० च्या रोलँड टीआर-८०८ मध्ये बंद आणि उघडी असे दोनच आवाज होते; बंद वाजला की उघड्याचा नाद तुटायचा. मिडी म्हणजे इलेक्ट्रॉनिक वाद्यांची आपसातली सांकेतिक भाषा; तिच्या १९९१ च्या जनरल मिडी प्रमाणात बंद हॅटला ४२, पायाच्या ठोक्याला ४४ आणि उघड्या हॅटला ४६ हे क्रमांक मिळाले. आपल्याकडे ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड वाजवणारेही बंद-उघडीसाठी दोन वेगळे पॅड ठेवतात. आजच्या चांगल्या किटमध्ये मात्र पेडलची जागा ० ते १२७ अशा आकड्यांत सतत पाठवली जाते, बहुधा मिडीच्या ४ क्रमांकाच्या कंट्रोलरवरून. म्हणजे सलगता उपलब्ध आहे. ती हाती लागते की नाही, हे जुळणीवर ठरते.

जुळणी करताना मॉड्यूलच्या, म्हणजे किटचा आवाज काढणाऱ्या डब्याच्या, पडद्यावर किंवा संगणकावर हा आकडा डोळ्यांसमोर ठेवावा. समजा, पेडल मोकळे असताना ०, पूर्ण दाबल्यावर १२७. आता नेहमी वाजवताना पाय जसा विसावतो तसा ठेवून पाहावे. तेवढ्यातच १२७ दिसत असेल तर पाय आणखी दाबायला जागाच उरली नाही. मग ऑफसेट (आकडे सरकवणारी जुळणी) आणि पेडलचा कर्व्ह (दाबाप्रमाणे आकडा कसा वाढतो ते) असा बसवावा, की सहज विसावलेल्या पायाला शंभरच्या आसपासचा आकडा मिळेल आणि वरचे अंक घट्ट दाबासाठी शिल्लक राहतील. स्टँडवर बसणारी हॅट असेल तर झांजांमध्ये साधारण एक सेंटिमीटर फट ठेवून सुरुवात करावी; फट बदलली की मोजमाप पुन्हा करावे. काही ठिकाणी आकड्यांची दिशा उलटी असते, ती सॉफ्टवेअरमध्ये फिरवता येते. त्यानंतर काठीकडे वळावे. टोकाने पृष्ठभागावर आणि काठीच्या अंगाने कडेवर, असे दोन घाव वेगळे ओळखले गेले पाहिजेत. रोलँडच्या अनेक मॉड्यूलांत कडेच्या घावाला २२ आणि २६ हे क्रमांक असतात. सॉफ्टवेअरमध्ये त्यांची नोंद नसेल, तर कडेवरचा घाव मुकाच राहतो.

यावर कोणी म्हणेल, उत्तम ध्वनिसंग्रह घेतला की काम झाले. पण संग्रहात उघडेपणाच्या सात-आठ पातळ्या असल्या आणि पेडल त्यांतल्या दोनच गाठत असले, तर बाकीच्या कपाटातच राहणार. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: ८०८ ची कृत्रिम हॅट तर हिप-हॉपने डोक्यावर घेतली! खरे आहे, पण तिथे यंत्राचा काटेकोरपणा हीच शैली आहे. जॅझ, फंक किंवा रॉक वाजवताना तो तोकडा पडतो. तिसरा आक्षेप घाव आणि आवाज यांमधल्या विलंबाचा. त्याचीही दखल घ्यायला हवी, मात्र ४८,००० सॅम्पल दराला १२८ सॅम्पलचा बफर ठेवला तर त्याचा वाटा तीन मिलिसेकंदांहून कमी असतो. आवाजाला हवेतून एक मीटर यायलाही जवळपास तेवढाच वेळ लागतो. ज्या स्वस्त पेडलमध्ये फक्त चालू-बंदचा स्विच आहे, तिथे मात्र कोणतीही जुळणी उपयोगाची नाही. तिथे खर्च रास्त आहे, पण तो पेडलवर.

तेव्हा नवे काही विकत घेण्याआधी एक संध्याकाळ या आकड्यांना द्या. साधी आठ मात्रांची लय धरा, काठीचा जोर तोच ठेवा आणि फक्त पाय हळूहळू सैल करत न्या. आवाज टप्प्याटप्प्याने उड्या न मारता उलगडत गेला, तर जुळणी साधली. नाही साधली, तर पॅडला दोष देण्याआधी कर्व्ह पुन्हा तपासा.