मासा कोणाचा, नाव कोणाचे? लुईझ रोशा यांचा विज्ञानप्रवास आणि आपली मुले

आमच्या अभ्यासिकेत बी.एस्सी. प्राणीशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला असलेली एक मुलगी येते. परवा तिने विचारले, "झूलॉजी करून पुढे काय? बी.एड. नाहीतर एमपीएससी. तिसरा रस्ता आहे का?" आम्ही समाजशास्त्र शिकलेले, वस्तीत काम करणारे. आम्हाला लगेच उत्तर देता आले नाही. पण प्रश्न डोक्यातून जाईना. म्हणून आम्ही एका माणसाच्या कारकिर्दीचा नीट अभ्यास केला. तो भारतीय नाही. पण त्याचा रस्ता समजून घेतला तर आपल्या मुलामुलींना तिसराच काय, चौथा रस्ताही दिसू शकेल असे वाटले. त्यासाठीच हा लेख.

त्याचे नाव लुईझ रोशा. ब्राझीलचे सागरी जीवशास्त्रज्ञ. प्रवाळ खडकांवर राहणाऱ्या माशांचे जनुकशास्त्र हा त्यांचा विषय. आज ते अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया अकॅडमी ऑफ सायन्सेस या संस्थेत मत्स्यसंग्रहाचे प्रमुख अभ्यासक आहेत.

सुरुवात समुद्रकिनाऱ्यावरच्या सरकारी विद्यापीठातून

ब्राझीलच्या ईशान्येला परायबा नावाचे राज्य आहे. जुवाँ पेसोआ ही त्याची राजधानी. दक्षिण व उत्तर अमेरिकेच्या मुख्य भूमीचे पूर्वेकडचे शेवटचे टोक याच शहरात आहे. ब्राझीलमध्ये पैसा, उद्योग आणि नावाजलेली विद्यापीठे आहेत ती दक्षिणेकडे, साओ पाउलो आणि रिओच्या बाजूला. ईशान्य भाग गरीब, दुष्काळाचा, कामासाठी स्थलांतर करणाऱ्यांचा म्हणून ओळखला जातो. रोशा यांचे सुरुवातीचे शिक्षण आणि संशोधन याच भागातील परायबा फेडरल विद्यापीठात झाले. हे सरकारी विद्यापीठ आहे.

तिथे असतानाच, १९९९ साली, त्यांनी प्राध्यापिका इएरेसे रोझा यांच्यासोबत ईशान्य ब्राझीलच्या किनाऱ्यावरील माशाची एक नवी जात विज्ञानाला सांगितली. तिचे नाव हिम्युलॉन स्क्वॅमिपिन्ना. लक्षात घ्या, हा काही खोल समुद्रातला दुर्मिळ मासा नव्हता. किनाऱ्यावरचे कोळी तो जाळ्यात रोज पाहत होते. विज्ञानाच्या वहीत मात्र त्याची नोंद नव्हती, कारण तिथे बसून त्याच्याकडे नीट पाहणारा कोणी नव्हता. स्थानिक विद्यापीठ, स्थानिक शिक्षक आणि स्थानिक विद्यार्थी असले की काय होते, त्याचे हे साधे उदाहरण आहे.

डीएनए काय सांगतो?

पुढे रोशा पीएच.डी.साठी अमेरिकेतील फ्लोरिडा विद्यापीठात गेले. मार्गदर्शक होते ब्रायन बोवेन. तिथे त्यांनी हाती घेतलेला प्रश्न ऐकायला सोपा आहे: समुद्रात भिंती नसतात, मग माशांच्या इतक्या वेगवेगळ्या जाती झाल्या कशा?

जमिनीवर हे समजायला सोपे जाते. मध्ये डोंगर आला, नदी आली, दोन्हीकडचे प्राणी एकमेकांना भेटेनासे झाले, हजारो पिढ्यांनंतर ते वेगळे झाले. पण समुद्राचे पाणी सलग. त्यातून खडकावरच्या बहुतेक माशांची पिल्ले अंड्यातून बाहेर पडली की प्रवाहाबरोबर वाहत जातात. मोठा मासा आयुष्यभर एकाच खडकाच्या आसपास राहतो, पण त्याचे पिल्लू कित्येक आठवडे उघड्या समुद्रात फिरते आणि मग कुठल्यातरी खडकावर वस्ती करते. मग सगळीकडे सगळे मिसळून जायला हवे.

हे तपासायला डीएनए उपयोगी पडतो. माशाच्या कल्ल्याचा किंवा पराचा छोटा तुकडा घ्यायचा, त्यातून डीएनए वेगळा करायचा आणि त्याचा एक ठरावीक भाग वाचायचा. यासाठी अनेकदा मायटोकाँड्रियाचा डीएनए वापरतात. तो आईकडूनच मुलांकडे जातो. पिढ्यानपिढ्या त्यात लहान लहान बदल साठत जातात. दोन ठिकाणच्या माशांमध्ये हे बदल सारखे असतील तर त्यांची देवाणघेवाण चालू आहे. फरक जास्त असेल तर ते फार पूर्वीच वेगळे झाले. म्हणजे माशाच्या शरीरातच त्याच्या घराण्याची वंशावळ लिहिलेली असते.

ब्राझील आणि कॅरिबियन समुद्र यांच्या मध्ये ॲमेझॉन नदी समुद्राला मिळते. जगातील कोणत्याही नदीपेक्षा जास्त पाणी ती समुद्रात ओतते. गोड, गढूळ पाणी दूरवर पसरते आणि दोन हजार किलोमीटरहून लांब किनाऱ्यावर उथळ प्रवाळ खडक वाढत नाहीत. रोशा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अटलांटिकमधील सर्जनफिशच्या तीन जाती घेतल्या. तिन्हींची पिल्ले समुद्रात जवळपास सारखाच काळ वाहत असतात. म्हणजे तिन्हींना ॲमेझॉन ओलांडणे सारखेच सोपे किंवा अवघड असायला हवे होते.

२००२ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष वेगळाच निघाला. एका जातीत ब्राझीलचे आणि कॅरिबियनचे मासे डीएनएच्या पातळीवर स्पष्ट वेगळे. दुसऱ्या जातीत फरक होता, पण कमी. तिसऱ्या जातीत फरकच नाही. याचे कारण पिल्लांत सापडले नाही, मोठ्या माशांच्या राहणीत सापडले. तिसऱ्या जातीचे मोठे मासे ॲमेझॉनच्या मुखाजवळच्या मऊ, चिखलाच्या तळावर, जिथे स्पंज वाढतात, तिथेही राहू शकतात. गोड पाणी वरच्या थरात असते, खाली खारेच असते. त्यामुळे त्यांना मध्ये मुक्कामाच्या जागा मिळाल्या. ज्यांना अशी जागा चालत नव्हती, ते अडले.

म्हणजे भिंत सगळ्यांसाठी एकच असली तरी सगळ्यांना सारखी अडवत नाही. कोणाला मध्ये टेकायला जागा मिळते, यावर पुढचे ठरते. हे वाचताना आम्हाला आमच्या वस्तीतील मुले आठवली, हे लपवत नाही.

त्यानंतर २००५ साली रोशा यांनी रास जातीच्या माशांवर आणखी एक महत्त्वाचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यात दिसले की जवळजवळ असलेल्या पण वेगळ्या परिस्थितीच्या जागांवरील माशांचा डीएनए वेगळा आहे, तर एकमेकांपासून खूप दूर पण सारख्या परिस्थितीच्या जागांवरील माशांचा डीएनए जुळतो. नवी जात तयार व्हायला अंतरच लागते असे नाही, परिस्थितीही पुरते.

याचा लोकांशी काय संबंध?

कोणी म्हणेल, माशाचा डीएनए वाचून गरिबाच्या ताटात काय पडणार? प्रश्न रास्त आहे.

वर सांगितलेल्या सर्जनफिशच्या पहिल्या जातीचेच पाहा. ब्राझील आणि कॅरिबियनमधील मासे एकच आहेत असे धरले, तर ब्राझीलमध्ये अतिमासेमारी झाली तरी 'तिकडून येतील' असे म्हणून सरकार गप्प बसू शकते. पण ते वेगळे आहेत हे सिद्ध झाले की ही पळवाट बंद होते. २०११ साली रोशा आणि एका सहलेखकाने कॅरिबियनच्या माशाला स्वतंत्र जात म्हणून मान्यता द्यावी असे दाखवून दिले. आता ब्राझीलचा मासा वेगळा, कॅरिबियनचा वेगळा. इथला संपला तर तिकडून येऊन जागा भरणार नाही. किनाऱ्यावरील छोट्या मच्छीमाराचे पोट याच हिशोबावर चालते. कोणता भाग राखीव ठेवायचा, जाळे कधी टाकायचे नाही, हे ठरवायला असे पुरावे लागतात.

खोल पाण्यातील काम

डॉक्टरेटनंतर रोशा यांनी पनामातील स्मिथसोनियन उष्णकटिबंधीय संशोधन संस्थेत, हवाईमध्ये आणि टेक्सासमध्ये काम केले. २०११ साली ते कॅलिफोर्निया अकॅडमीत आले. आपल्या मुलांनी हेही समजून घ्यावे. पीएच.डी. झाली की लगेच कायमची नोकरी लागते असे या क्षेत्रात होत नाही. पोस्टडॉक म्हणजे मुदतीचे संशोधन पद. दोन वर्षे इथे, तीन वर्षे तिथे. घरी पैसे पाठवायचे असतात, लग्नाचा विषय निघतो, नातेवाईक विचारतात 'अजून शिकतोच आहे का?' ज्यांच्या घरात पहिलीच पिढी शिकते आहे, त्यांना ही वर्षे काढणे सर्वात जड जाते. हे आधीच माहीत असलेले बरे.

अकॅडमीत आल्यावर त्यांनी ३० ते १५० मीटर खोलीवरील प्रवाळ खडकांवर लक्ष केंद्रित केले. इथे सूर्यप्रकाश अंधुक पोहोचतो. साध्या स्कूबा डायव्हिंगने इतके खाली जाता येत नाही. त्यासाठी रीब्रीदर नावाचे यंत्र लागते. ते बाहेर सोडलेल्या श्वासातील कार्बन डायऑक्साइड शोषून घेते आणि तीच हवा ऑक्सिजन मिसळून पुन्हा वापरते. तळाशी थोडी मिनिटे काम केले तरी वर यायला काही तास लागतात. घाई केली तर रक्तात वायूचे बुडबुडे होऊन जीव जाऊ शकतो.

ब्राझीलच्या किनाऱ्यापासून सुमारे हजार किलोमीटरवर सेंट पॉल नावाचे छोटे खडक आहेत. तिथे सुमारे १२० मीटर खोलीवर रोशा आणि त्यांचे सहकारी हडसन पिन्हेरो यांना गुलाबी-पिवळ्या रंगाचा एक मासा दिसला. दोघे त्याच्याकडे पाहण्यात इतके गुंग झाले की डोक्यावरून एक भलामोठा शार्क गेला तरी त्यांना कळले नाही. सोबत्याच्या कॅमेऱ्यात तो दिसतो. २०१८ साली या माशाचे नाव ठेवले गेले टोसानॉइडिस ॲफ्रोडायटी. त्याच वर्षी 'सायन्स' या नियतकालिकात रोशा आणि सहकाऱ्यांनी दाखवले की खोल खडक म्हणजे उथळ खडकांतील जीवांचे सुरक्षित आश्रयस्थान, हा समज चुकीचा आहे. तिथले जीव बऱ्याच अंशी वेगळेच आहेत, आणि माणसाचा त्रास तिथेही पोहोचला आहे.

नाव कोण ठेवणार?

आता आमच्या मते सर्वात महत्त्वाचा मुद्दा.

उष्ण कटिबंधातील प्रवाळ बहुतेक करून गरीब देशांच्या किनाऱ्यांवर आहेत. त्यांचा अभ्यास करणारे मात्र बहुतेक करून श्रीमंत देशांतून येतात. नमुने गोळा करतात, परत जातात, निबंध छापतात. स्थानिक माणूस बोट चालवतो, जेवण करतो, मासा कुठे आहे ते दाखवतो, पण निबंधावर त्याच्या देशातील कोणाचेच नाव नसते. याला 'पॅराशूट विज्ञान' म्हणतात. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात प्रवाळांवरील पन्नास वर्षांचे शोधनिबंध तपासले गेले. इंडोनेशिया आणि फिलिपाइन्समध्ये काम झालेल्या निबंधांपैकी ४० टक्क्यांत त्या देशाचा एकही शास्त्रज्ञ लेखक नव्हता. ऑस्ट्रेलियाच्या बाबतीत हे प्रमाण बरेच कमी होते.

हे आम्हाला नवीन नाही. वस्तीतही सर्वेक्षणवाले येतात. बायाबापड्यांकडून दोन-दोन तास माहिती घेतात, आमची पोरे घरे दाखवत फिरतात. पुढे अहवाल कुठे छापला गेला, त्यात काय लिहिले, ते आमच्यापर्यंत येत नाही. माहिती आमची, अभ्यासक म्हणून नाव दुसऱ्याचे.

रोशा यांनी या पद्धतीविरुद्ध उघड भूमिका घेतली आहे. ते स्वतः ब्राझीलच्या ईशान्येकडील विद्यापीठातून आले असल्याने त्यांना ती बाजू माहीत आहे. त्यांच्या मालदीवमधील कामाला २०२१ साली रोलेक्स पुरस्कार मिळाला. पुढच्याच वर्षी, २०२२ साली, मालदीवमधील रास जातीच्या एका माशाचे वर्णन प्रसिद्ध झाले. तो अनेक वर्षे लोकांना दिसत होता, शोभेच्या माशांच्या व्यापारात विकलाही जात होता, पण त्याला दुसऱ्याच जातीचा समजले जात होते. डीएनए आणि अंगरचना तपासल्यावर तो वेगळा ठरला. वर्णन करणाऱ्या चार लेखकांत मालदीवचे अहमद नजीब होते. मालदीवमधील माशाचे वर्णन मालदीवच्या शास्त्रज्ञाने करण्याची ही पहिलीच वेळ. नाव ठेवले सिर्हिलॅब्रस फिनिफेन्मा. धिवेही भाषेत फिनिफेन्मा म्हणजे गुलाब, त्या देशाचे राष्ट्रीय फूल. शेकडो माशांची नावे परक्या साहेबांच्या नावांवरून ठेवली गेली असताना, एका मासळीला तिथल्या लोकांच्या बोलीतले नाव मिळाले.

आपल्यासाठी रस्ता

अभ्यासिकेतल्या त्या मुलीसाठी, आणि तिच्यासारख्या सर्वांसाठी, थोडक्यात सांगतो.

प्रवाळ पाहायला मालदीवला जायची गरज नाही. सिंधुदुर्गात मालवणच्या समुद्रात प्रवाळ आहेत. तिथे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. गोव्यात दोना पावला येथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे. लखनौला माशांच्या जनुकीय संपत्तीसाठी स्वतंत्र राष्ट्रीय संस्था आहे. प्राणीशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान, मत्स्यशास्त्र, यांपैकी कोणत्याही पदवीवरून या विषयाकडे वळता येते. एम.एस्सी.नंतर नेट-जेआरएफ काढली तर पीएच.डी.च्या काळात दरमहा फेलोशिप मिळते. परदेशासाठी केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आणि राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. बाबासाहेब १९१३ साली कोलंबियाला गेले ते बडोद्याच्या शिष्यवृत्तीवरच, हे आपण विसरू नये. अर्जाची तारीख गेल्यावर माहिती कळते, हे आमच्याकडे दरवर्षी होते. म्हणून कार्यकर्त्यांना विनंती आहे की जयंतीच्या वर्गणीचा हिशोब जसा फलकावर लावता, तसा शिष्यवृत्त्यांच्या तारखांचा कागदही लावा.

पोहायला शिका, असेही आम्ही सांगू. आमच्या किती मुलींना पोहता येते? ज्या गावांत विहिरीवर आणि तळ्यावर आपल्याला जाऊ दिले जात नव्हते, त्या गावांतून आलेल्या घरांत पोहणे शिकवणार कोण? समुद्राचा अभ्यास ही आपली गोष्ट नाही असे वाटण्यामागे हेही एक कारण आहे.

त्या मुलीला आम्ही हे सगळे सांगितले. ती म्हणाली, "मी अजून समुद्र पाहिलेला नाही." डिसेंबरच्या सुट्टीत अभ्यासिकेची सहल काढायचे ठरले आहे. दरवेळच्या ठिकाणाऐवजी या वेळी मालवण.