न विझणारा दिवा

दिवा बंद करणे म्हणजे नेमके काय करणे, असे कोणी विचारले तर तुम्हाला हसू येईल. बटण दाबले की दिवा बंद. त्यात विचारण्यासारखे काय आहे? पण थोडे खोलात शिरू या. भिंतीवरचे बटण तुम्ही दाबता तेव्हा आतली धातूची एक पट्टी सरकते, विद्युत् परिपथ खंडित होतो आणि दिव्यातून वाहणारी धारा थांबते. तारेचा जुना ६० वॅटचा बल्ब असो, ट्यूबलाइट असो, की २०१५ पासून उजाला योजनेतून कोट्यवधींच्या संख्येने घरोघरी गेलेला एलईडी बल्ब असो. बटण बंद म्हणजे धारा शून्य.

आता स्मार्ट बल्ब पाहा. फोनवरून तो लावता येतो, मालवता येतो, मंद करता येतो, त्याचा रंगही बदलता येतो. फिलिप्स कंपनीचा 'ह्यू' हा दिवा २०१२ साली बाजारात आला तेव्हा ती श्रीमंतांची हौस होती. आज आपल्या भद्रावतीसारख्या तालुक्याच्या गावीही असा बल्ब घेणारे भेटतात. साध्या एलईडीच्या मानाने त्याची किंमत कित्येक पट असते, ती का असते हे पुढे येईलच. गंमत अशी की, फोनवरून 'बंद' केलेला हा दिवा वास्तविक बंद झालेलाच नसतो. त्याचा उजेड तेवढा जातो. तुमचा पुढचा हुकूम ऐकायचा, तर त्याला जागेच राहिले पाहिजे. झोपलेल्या माणसाला हाक मारून उठवता येते, कारण त्याचे कान चालू असतात. तसेच हे आहे. आणि कान चालू ठेवायचे, तर वीज लागणारच.

बल्बच्या पोटात

घरात येणारी वीज प्रत्यावर्ती असते. तिची दिशा सेकंदाला ५० आवर्तनांच्या गतीने उलटसुलट होत असते. २३० व्होल्ट ही तिची परिणामी किंमत. शिखराशी ती सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत जाते. एलईडी हा मात्र डायोड आहे. एकाच दिशेने वाहणारी, म्हणजे दिष्ट धारा त्याला लागते. म्हणून प्रत्येक एलईडी बल्बच्या बुडाशी एक चिमुकले रूपांतर केंद्र असते. चार डायोड मिळून उलटसुलट धारेला एका दिशेला लावतात, धारित्र म्हणजे कपॅसिटर तिचे चढउतार सपाट करतो आणि पुढचे मंडल तिला हवी तेवढी बेताची करून एलईडीकडे पाठवते.

हेच काम अजस्र प्रमाणावर पाहायचे असेल तर भद्रावतीकरांना दूर जायला नको. आपल्या तालुक्यात उच्चदाब दिष्ट धारेचे एक केंद्र आहे. १९९७-९८ च्या सुमारास ते सुरू झाले. पश्चिम भारताचे आणि दक्षिण भारताचे वीजजाळे त्या काळी वेगवेगळ्या तालावर चालत असे. दोन्हीकडची वारंवारता ५० हर्ट्झच्या आसपास असली तरी पावलाला पाऊल जुळत नसे, आणि तशी दोन जाळी थेट जोडता येत नाहीत. यावर युक्ती अशी, की एकीकडची प्रत्यावर्ती वीज दिष्ट करायची आणि तिथल्या तिथे पुन्हा प्रत्यावर्ती करून दुसरीकडे द्यायची. दिष्ट धारेला वारंवारताच नसते, तेव्हा ताल जुळवण्याचा प्रश्नच उरत नाही. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर वाहिनीने दक्षिणेचे जाळे उर्वरित देशाशी थेट जोडले गेले आणि सारा देश एका तालावर आला. भद्रावतीच्या केंद्राची क्षमता १००० मेगावॅट आहे. तुमच्या हातातला बल्ब १० वॅटचा धरला, तर दहा कोटी बल्बांच्या बुडांत मिळून जेवढे काम होईल तेवढे हे एकटे केंद्र करू शकते!

बल्बाकडे परत येऊ. एलईडीचा पांढरा उजेड खरे तर निळ्या प्रकाशापासून बनतो. निळ्या डायोडवर एका विशिष्ट भुकटीचा लेप असतो. निळ्या प्रकाशाचा काही भाग शोषून ती पिवळा प्रकाश देते, आणि निळा व पिवळा मिसळून आपल्या डोळ्यांना पांढरे दिसते. असा निळा डायोड साधणे फार अवघड होते. जपानमध्ये इसामु आकासाकी, हिरोशी आमानो आणि शुजी नाकामुरा यांनी ते साधले आणि त्याबद्दल त्यांना २०१४ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले. रंग बदलणाऱ्या स्मार्ट बल्बमध्ये पांढऱ्यांच्या जोडीला लाल, हिरवे व निळे डायोडही असतात. याखेरीज त्यात एक छोटा संगणक आणि रेडिओ ग्राहक-प्रेषक असतो. जादा पैसे पडतात ते याचे.

मंद करण्याची रीतही मजेदार आहे. पुष्कळ बल्बांत एलईडीची धारा कमी केली जात नाही. दिवा सेकंदाला शेकडो किंवा हजारो वेळा पेटवला आणि विझवला जातो. पेटलेला काळ कमी, विझलेला जास्त, की डोळ्यांना उजेड मंद वाटतो. मंद केलेल्या दिव्यासमोर पेन्सिल वेगाने हलवून पाहा. एका अखंड पुसट पट्ट्याऐवजी सुट्या सुट्या पेन्सिली दिसल्या, तर दिवा लुकलुकतो आहे असे समजा. अभ्यासाच्या टेबलावर असला दिवा नको.

निरोप कसा पोचतो?

वाय-फायवर चालणारा नवा बल्ब होल्डरला लावला की तो प्रथम स्वतःच एक क्षीण रेडिओसंदेश पाठवू लागतो. फोन तो पकडतो आणि घरातल्या वाय-फायचे नाव व परवलीचा शब्द त्याला सांगतो. बल्ब ते आपल्या स्मृतीत साठवतो आणि पुढे आपण होऊन राउटरशी जोडला जातो. जोडणी म्हणतात ती एवढीच. पण इथेच पुष्कळांचे घोडे अडते. असे बहुतेक बल्ब २.४ गिगाहर्ट्झ एवढ्याच वारंवारतेचे तरंग ऐकतात. नवे राउटर ५ गिगाहर्ट्झवरही बोलतात आणि दोन्हींना एकच नाव देतात. फोन ५ वर आणि बल्ब २.४ वर, अशी चुकामूक झाली की बल्ब 'सापडत नाही'. अशा वेळी राउटरमध्ये तेवढ्यापुरते ५ गिगाहर्ट्झ बंद ठेवावे.

प्रकाशाच्या वेगाला वारंवारतेने भागले की तरंगलांबी मिळते, हे तुम्हाला ठाऊक आहे. २.४ गिगाहर्ट्झला ती येते १२.५ सेंटिमीटर. हे तरंग विटांच्या भिंतीतून क्षीण होत का होईना, पण पार जातात; लोखंडी पत्र्यावरून मात्र परावर्तित होतात. मागच्या पडवीला पत्र्याची भिंत असेल तर तिथे बल्ब न्यायच्या आधी त्याच जागी फोनवर वाय-फाय मिळते का, हे पाहून घ्यावे.

एवढे जमले की फोनवर बोट ठेवताच दिवा लागतो. बोट आणि दिवा एकाच खोलीत. पण निरोप मात्र अनेकदा राउटरमधून बाहेर पडून दूर कुठल्या तरी शहरातील कंपनीच्या संगणकापर्यंत जातो आणि तिथून परत येतो! यात एक धोका आहे. एप्रिल २०२२ मध्ये अमेरिकेतील इन्स्टिऑन या कंपनीचे संगणक अचानक बंद पडले. घरातली उपकरणे धडधाकट होती, भिंतीवरची बटणेही चालत होती. पण फोनचा हुकूम कोणी ऐकेना. पुढे ग्राहकांपैकीच काहींनी ती कंपनी विकत घेतली म्हणून बरे. तेव्हा घेण्यापूर्वी दुकानदाराला एवढे जरूर विचारा, की इंटरनेट बंद असताना घरातल्या घरात हा दिवा फोनचे ऐकतो का? ऑक्टोबर २०२२ मध्ये 'मॅटर' नावाचे एक सामाईक मानक आले. घरातला निरोप घरातच राहावा आणि एका कंपनीचा दिवा दुसऱ्या कंपनीच्या उपकरणाने ऐकावा, हा त्याचा एक हेतू आहे.

आणि भिंतीवरचे बटण? ते चालूच ठेवावे लागते. आजीने सवयीने ते बंद केले की बल्बाचे कान बंद, मग फोन कितीही दाबा. याच्या उलट प्रकार पावसाळ्यात होतो. रात्री वादळात लाइट जाते आणि तीन वाजता येते. बल्बाला वाटते कोणीतरी बटण लावले. तो भर मध्यरात्री लख्ख पेटतो. वीज परत आल्यावर काय करायचे, याची नोंद ॲपमध्ये करता येते. 'पूर्वीच्याच स्थितीत राहा' अशी नोंद पहिल्या दिवशीच करून टाकावी.

जागरणाचा हिशेब

आता मूळ मुद्द्याकडे वळू. जागे राहायला बल्ब किती वीज घेतो? युरोपीय संघाने २०२१ पासून अशा दिव्यांच्या जागरणासाठी ०.५ वॅट ही कमाल मर्यादा घातली आहे. तोच आकडा धरू. दिवा ९ वॅटचा.

बैठकीच्या खोलीत तो रोज ४ तास जळतो. जळताना ३६ वॅट-तास, जागरणाच्या २० तासांत १० वॅट-तास. म्हणजे उजेडावर जेवढी वीज खर्ची पडली तिच्या चौथ्या हिश्शाहून अधिक नुसते ऐकत बसण्यात गेली. न्हाणीघरात तोच दिवा जेमतेम १ तास जळतो. उजेडासाठी ९ वॅट-तास, आणि उरलेल्या २३ तासांच्या जागरणाला साडेअकरा! दिवा पेटून जेवढी वीज खातो त्याहून न पेटता जास्त खातो. न्हाणीघरात स्मार्ट बल्ब लावणे हा माझ्या मते शुद्ध वेडेपणा आहे.

अंगणातल्या दिव्याचा हिशेब मात्र उलटा येतो. तो संध्याकाळी ६ ते सकाळी ६ जळतो असे समजा. रात्री ११ नंतर तो आपोआप मंद होऊन २ वॅटवर आला, तर ७ तासांत ४९ वॅट-तास वाचतात आणि दिवसाच्या जागरणाला जातात फक्त ६. शिवाय पिवळसर उजेडाकडे पावसाळी किडे निळसर पांढऱ्याच्या मानाने कमी येतात. गाव जंगलाला लागून असेल तर अंगणात रात्रभर पांढरा झगझगाट नसलेलाच बरा. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या खोलीचा हिशेब तर वॅट-तासांत करूच नये. कुणाला हाक न मारता त्याला दिवा लावता येणे, याचे मोल वेगळे आहे.

अर्धा वॅट म्हणजे किती क्षुल्लक, असे तुम्ही म्हणाल. घरात असे ५ बल्ब रोज २० तास जागे राहिले, तर वर्षाला सुमारे १८ युनिटे होतात. महिन्याच्या बिलात ती नजरेतही भरणार नाहीत. पण आपल्या भागात वीज कशापासून होते? १९८३ साली पहिला संच सुरू झालेले चंद्रपूरचे महाऔष्णिक विद्युत् केंद्र आज २९२० मेगावॅटचे आहे, आणि माजरी-बल्लारपूर पट्ट्यात खाणींचे काळे ढिगारे आपण रोज पाहतो. एका युनिटाला ढोबळ मानाने ७०० ग्रॅम कोळसा जळतो. म्हणजे एका घराच्या जागरणाला वर्षाला १२-१३ किलो. अशी दहा हजार घरे झाली, तर सव्वाशे टनांहून अधिक. मालगाडीच्या एका वाघिणीत (ताडोबातील नव्हे, रेल्वेच्या!) सुमारे ६० टन कोळसा मावतो. दोन भरलेल्या वाघिणी जळाल्या, आणि त्या उजेडासाठी नव्हेत!

उष्णतेबद्दल एक सूचना. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. बल्बातील रसायन भरलेल्या धारित्राचे आयुष्य तापमान १० अंशांनी वाढले की साधारण निम्मे होते. म्हणून चहूबाजूंनी बंद काचेच्या हंडीत हा महागडा बल्ब कोंडू नये. घेताना होल्डर आधी पाहावा. आपल्याकडे तो बहुधा दाबून फिरवायचा, दोन खुंट्यांचा असतो आणि काही बल्ब पेचाचे निघतात. भारतीय मानक ब्यूरोची खूण व नोंदणी क्रमांक वेष्टनावर नसेल तर बल्ब परत करावा.

मोजून पाहा

जागरणाची वीज घरच्या मीटरवर मोजता येते. मीटरच्या दर्शनी भागावर एक लाल ठिपका लुकलुकत असतो आणि एका युनिटाला तो किती वेळा लुकलुकतो तो आकडा शेजारी छापलेला असतो. पुष्कळ मीटरवर तो ३२०० असतो. फार क्षीण धारा एकटीच असेल तर मीटर ती मोजीलच असे नाही. म्हणून तिच्या सोबतीला थोडा भार हवा. घरातली बाकी सर्व उपकरणे बंद करा. फक्त राउटर आणि एक साधा ९ वॅटचा एलईडी बल्ब चालू ठेवा. स्मार्ट बल्बाचे भिंतीवरचे बटण बंद ठेवून २० लुकलुकींना किती सेकंद लागतात ते मोजा. मग बटण लावा, दिवा फोनवरून मालवा आणि पुन्हा २० मोजा. राउटर ८ वॅटचा असेल तर पहिल्या खेपेला सुमारे २२ मिनिटे लागतील आणि दुसऱ्या खेपेला त्याहून ३८ सेकंद कमी. तुमचा फरक याहून मोठा आला, तर तुमचा बल्ब अर्ध्या वॅटपेक्षा जास्त खातो. विजेचा दाब सारखा नसतो, तेव्हा दोन्ही मोजण्या तीन-तीनदा करून सरासरी घ्या. मीटरला हात लावू नका, लांबून पाहा. आणि फ्रीज बंद करण्यापूर्वी घरात सांगून ठेवा.