दाल-चावलच्या बाजूला बटाटा

देवनारला 1971 सालापासून मोठा कत्तलखाना आहे, म्हणून इथे घरोघरी रोज गोश्त शिजतं, असा बाहेरच्यांचा समज. महिनाअखेरीला मात्र ताटात दाल-चावल आणि बाजूला आलू. मराठीत बटाटा, हे नाव पोर्तुगीजांनी दिलेलं.

सर्वांत सोपा भुर्ता. चार बटाटे उकडून गरम असतानाच कुस्करावेत, गार झाल्यावर गुठळ्या राहतात. त्यात बारीक कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर, मीठ. उत्तर प्रदेशकडच्या घरांत वरून चमचाभर कच्चं सरसोंचं तेल घालतात. नाकात झणका जातो, पण खमंग लागतो. मला लिंबू पुरतं.

काचऱ्यांना लोखंडी तवाच हवा. पातळ काप धुऊन कपड्यावर कोरडे करावेत, ठेचलेला लसूण आणि हळद टाकून परतावेत. मीठ आधी घातलं की पाणी सुटतं आणि काप लिबलिबीत होतात, म्हणून ते शेवटी.

बटाटे फ्रिजमध्ये ठेवू नयेत. थंडीने त्यातल्या स्टार्चची साखर होते, मग काप गोडसर लागतात, लवकर काळे पडतात.

संध्याकाळी हातगाडीवर स्वस्त वाटे लावतात, तेव्हा बटाटे उलटून पाहा. उजेडात राहून हिरव्या झालेल्या बटाट्यात सोलानिन हे विष वाढलेलं असू शकतं, ते उकडूनही जात नाही. हिरवा डाग लहान असेल तर जाड कापून काढा. बटाटा बराचसा हिरवा किंवा कडू असेल तर फेकून द्या. दहा रुपये वाचवायला मुलांच्या डब्यात तो नको.