गणेशखिंडीची वाट कोणी धरावी?

पदवीचे निकाल लागू लागले, की नीरेच्या डाव्या कालव्याने भिजणाऱ्या बारामती व इंदापूर या दोन तालुक्यांतील अनेक घरांत ‘पुढे काय’ या प्रश्नाला ‘एम.ए. किंवा एम.एस्सी.’ हे उत्तर तत्काळ मिळते. परंतु कोणत्या विषयात, कोठे आणि कशासाठी, या उपप्रश्नांचा विचार बहुधा अर्जाची मुदत संपत आल्यावरच सुरू होतो. प्रवेश मिळणे म्हणजेच निवड होणे, असा समज रूढ झाल्यामुळे विद्यार्थी आपण निवडण्याचे काम गुणवत्ता यादीवर सोपवून मोकळा होतो.

ज्या विद्यापीठाच्या कक्षेत हे तालुके येतात, ते पुणे विद्यापीठ 10 फेब्रुवारी 1949 रोजी स्थापन झाले, बॅरिस्टर मुकुंदराव जयकर त्याचे पहिले कुलगुरू झाले, आणि मुंबई इलाख्याच्या गव्हर्नराचे गणेशखिंडीतील निवासस्थान ही त्याची मुख्य इमारत ठरली. आरंभी बारा जिल्ह्यांवर पसरलेले त्याचे क्षेत्र, 1962 साली कोल्हापूरचे व 1990 साली जळगावचे विद्यापीठ निर्माण झाल्यावर, पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक एवढ्यापुरते राहिले. 2014 पासून ते सावित्रीबाई फुले यांचे नाव धारण करते. इंदापूरकराने भीमा ओलांडली, की सोलापूर जिल्हा लागतो आणि 2004 साली स्थापन झालेल्या निराळ्या विद्यापीठाचा अंमल सुरू होतो. तिकडे जाऊ इच्छिणाऱ्याने स्थलांतर प्रमाणपत्राची तजवीज वेळीच केलेली बरी.

पुणे विद्यापीठाची पदव्युत्तर पदवी दोन वाटांनी मिळते: एक गणेशखिंडीतील विद्यापीठ विभागांची, दुसरी संलग्न महाविद्यालयांची. बारामतीचे 1962 साली सुरू झालेले तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय आज स्वायत्त आहे, म्हणजे अभ्यासक्रम आखण्याचा व परीक्षा घेण्याचा अधिकार त्याचा, पदवी मात्र विद्यापीठाची. 1972 साली स्थापन झालेल्या विद्या प्रतिष्ठानचाही शैक्षणिक पसारा याच गावी उभा आहे. पदवीच्या कागदावरील शिक्का दोन्हीकडे एकाच विद्यापीठाचा असल्यामुळे, सुमारे शंभर किलोमीटरांवरील पुण्यास जाऊन, खोलीचे भाडे व खाणावळीचा खर्च सोसून राहणाऱ्यास त्या अंतराचा कोणता मोबदला मिळणार, हाच खरा विचारणीय मुद्दा ठरतो. आणि त्याचे उत्तर विद्यापीठाच्या लौकिकात शोधण्यापेक्षा ज्या त्या विषयाच्या साधनांत शोधावे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

इतिहास घेऊन मराठेशाहीचा अभ्यास करू पाहणाऱ्याचे उदाहरण घ्यावे. त्याची साधने म्हणजे मोडी कागदपत्रे. पेशवे दप्तर पुण्यास आहे, 1917 साली स्थापन झालेले भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर पुण्यास आहे, विद्यापीठाचे जयकर ग्रंथालयही तेथेच आहे. वृत्तपत्रविद्येच्या विद्यार्थ्यास रानडे इन्स्टिट्यूटमध्ये शिकता शिकता शहरातील वृत्तपत्रांचा शेजार लाभतो. जैवमाहितीशास्त्रासारखे नवे विषय तर मोजक्याच ठिकाणी शिकवले जातात. अशांनी पुण्यास जाण्यात कुचराई करू नये.

परंतु भूगोलाच्या विद्यार्थ्यास कालव्याखालील जमिनी पाणथळ व क्षारपड कशा होतात हे पाहावयाचे असेल, प्राणिशास्त्राच्या विद्यार्थिनीस उजनीच्या फुगवट्यावर, भिगवणजवळ उतरणाऱ्या रोहित पक्ष्यांचा अभ्यास करावयाचा असेल, किंवा रसायनशास्त्रज्ञास साखर कारखान्याची प्रयोगशाळा जवळ हवी असेल, तर त्यांची साधने याच दोन तालुक्यांत आहेत. अवर्षण, उष्णता, क्षार अशा ताणांखाली पिके कशी तगतात याचे संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था 2009 पासून बारामतीजवळच माळेगावास आहे. मात्र कृषी पदवीधराने एक गोष्ट ध्यानात ठेवावी, की कृषीतील एम.एस्सी. पुणे विद्यापीठाच्या कक्षेत येत नाही. त्यासाठी राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठासारख्या कृषी विद्यापीठांची वाट आहे, आणि तिची प्रवेशपरीक्षाही स्वतंत्र आहे.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार 2023-24 पासून आलेल्या रचनेने साधनांच्या या विचारास अधिकच महत्त्व आले आहे. पहिल्या वर्षानंतर शिक्षण थांबवणाऱ्यास पदव्युत्तर पदविका मिळते, चार वर्षांची ऑनर्स पदवी घेतलेल्यास एका वर्षात पदव्युत्तर पदवी पुरी करता येते. शिवाय संशोधनपद्धती, प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण आणि संशोधन प्रकल्प हे अभ्यासक्रमाचेच भाग झाले आहेत. म्हणून विभागात शिकवणारे अध्यापक कोण, ते कशावर संशोधन करतात, आणि प्रशिक्षणासाठी विद्यार्थी कोठे पाठवले जातात, हे प्रवेशापूर्वीच विचारावे.

उपजीविकेचा हिशेब वेगळा मांडावा. महाविद्यालयात सहायक प्राध्यापक होण्यासाठी नेट किंवा सेट द्यावयाची, तर पदव्युत्तर परीक्षेत सर्वसाधारण प्रवर्गास 55 टक्के व राखीव प्रवर्गांस 50 टक्के गुण लागतात. कनिष्ठ महाविद्यालयात शिकवू इच्छिणाऱ्यास पदव्युत्तर पदवीच्या जोडीला बी.एड. लागते. एम.बी.ए. व एम.सी.ए. यांची वाट राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेतून जाते, तर विद्यापीठ विभाग आपली प्रवेशपरीक्षा स्वतः घेतात. या परीक्षांच्या तारखा एकमेकींची वाट पाहत नाहीत, म्हणून वेळापत्रक अंतिम वर्षातच हाताशी ठेवावे.

खर्चाच्या भयाने मात्र पुण्याचा विचार सोडू नये. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या नावाने चालणारी विद्यापीठाची ‘कमवा व शिका’ योजना, शुल्काची प्रतिपूर्ती करणारी राजर्षी शाहू महाराज योजना, वसतिगृहाच्या खर्चास हातभार लावणारी डॉ. पंजाबराव देशमुख योजना, ही साहाय्ये उपलब्ध आहेत. त्यांच्या अटी निरनिराळ्या असल्याने उत्पन्नाचा व जातीचा दाखला वेळेवर काढून ठेवणे अगत्याचे.

अर्ज भरण्यापूर्वी एक दिवस पुण्यातील संबंधित विभागात घालवावा, अभ्यासक्रम संपूर्ण वाचावा, आणि दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना ग्रंथालय व प्रयोगशाळा त्यांच्या वाट्याला प्रत्यक्षात किती येतात ते विचारावे. मिळालेली उत्तरे बारामतीतही तितकीच खरी ठरत असतील, तर गावीच शिकावे आणि पुण्यातल्या खोलीभाड्याचे पैसे ग्रंथांवर वा पुढल्या बी.एड.वर खर्चावेत; त्यात कमीपणा मुळीच नाही.