डोक्याला बसलेला मुका मार

आषाढीला चंद्रभागेच्या वाळवंटात वारकरी फुगडी घालतात, हुतूतू खेळतात. पंढरपूरच्या आसपासच्या गावांत कबड्डी आणि कुस्ती पोरांच्या अंगातच असते. आता मुलीही मागे नाहीत. गुडघा फुटला की आपण लगेच हळद लावतो. पण चढाईला गेलेल्या पोराचं डोकं कुणाच्या गुडघ्यावर आदळलं, तर रक्त नाही ना, मग ऊठ, असं म्हणून त्याला पुन्हा मैदानात धाडतो.

हा मुका मार असतो. कवटीच्या आत मेंदूला हिसका बसतो. त्यासाठी बेशुद्ध पडावंच लागतं असं नाही, आणि डोक्याच्या फोटोतही बहुधा काही दिसत नाही. दिसतं ते घरात. दहावीतला मुलगा धडा वाचतो नि विसरतो. उजेड, गोंगाट नकोसा होतो, झोप बिघडते. आईवर खेकसतो, नाहीतर गोठ्यात एकटाच बसून राहतो. मग कुणी त्याला आळशी म्हणतं, कुणी बाहेरचं झालं म्हणून अंगारा लावतं. अहो, मेंदू दुखावला की मनही दुखावतं. त्यात खेळ सुटल्याची हुरहूर वेगळीच.

१९६२ साली बार्बाडोसला चेंडू डोक्यात बसून आपले कप्तान नरी कॉन्ट्रॅक्टर मरणाच्या दारातून परतले, पण पुन्हा कसोटी खेळले नाहीत. क्रिकेटमध्ये असा मार बसलेल्याच्या जागी दुसरा खेळाडू घ्यायचा नियम २०१९ साली आला. पुढच्याच वर्षी कॅनबेऱ्यात जडेजाच्या जागी चहल उतरला. गावच्या सामन्यात मात्र अजून "मर्द आहेस ना?" असंच विचारतात!

मार बसला की त्या दिवशी खेळ बंद, आणि डॉक्टरांना दाखवायचं. पहिला मार बरा होण्याआधी दुसरा बसला तर जिवावर बेतू शकतं. वारंवार उलट्या, वाढती डोकेदुखी, झटके, बोबडी वळणं, न उतरणारी गुंगी यांपैकी काही दिसलं तर १०८ ला फोन करा, सकाळची वाट पाहू नका. एरवी एक-दोन दिवस विश्रांती, मग थोडं चालणं, थोडी शाळा, आणि खेळ सगळ्यांत शेवटी, डॉक्टरांनी हो म्हटल्यावर. अंधाऱ्या खोलीत आठवडाभर कोंडू नका. उसाच्या मोळ्या उचलायला लावू नका, मोटारसायकल देऊ नका (ती एरवीही देऊ नये, पण ते असो). गुरुजींना सांगून ठेवा.

बहुतेक मुलं महिनाभरात सावरतात. तरीही उदासी हटत नसेल, किंवा पोर "जगून काय करू" असं बोललं, तर रागावू नका, एकटं सोडू नका. १४४१६ हा सरकारचा टेली-मानस फोन रात्रंदिवस फुकट आहे, आणि मराठीत बोलता येतं.